छातीत जपलेले, पानावर जपलेले

कुरआनात चौदाशे वर्षांत एका नुक्त्याचा फरक पडलेला नाही, हे वाक्य जबलपुरात गोहलपूरच्या कुठल्याही मशिदीच्या पायरीवर ऐकायला मिळते. खरे कुरआन केव्हाच जाळून टाकले आणि आजचे ते सरकारी, हे वाक्य गोलबाजारच्या कुठल्याही पानठेल्यावर मिळते. दोन्ही वाक्ये बोलणाऱ्यांना पुढचा एक प्रश्न विचारला की बोलणे खुंटते. ते खुंटू नये म्हणून मी दोन माणसे रचली. माणसे कल्पित आहेत. त्यांच्या तोंडची माहिती कल्पित नाही.

नाना जबलपूरच्या जुन्या मराठी घरातले. १७८१ला गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले, १७९८ला पेशव्यांनी हा नर्मदाकाठ नागपूरकर भोसल्यांना दिला आणि १८१७ला इंग्रजांनी तो घेतला. राज्य छत्तीस वर्षांत आटोपले, पण त्याच्या मागोमाग आलेली काही घरे राहिली. नाना संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक; आयुष्य पाठभेद जुळवण्यात गेले. हाफिजजी मोमिन विणकरांच्या घराण्यातले. १८५७ नंतर पूर्वेकडून सरकलेली ही कुटुंबे काही जबलपुरात थांबली, काही कामठी, बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडीपर्यंत गेली. हाफिजजींचा जन्म कामठीचा, म्हणून मराठी उत्तम. वयाच्या बाराव्या वर्षी कुरआन तोंडपाठ. दोघांचा वाद नानांच्या ओसरीवर चालतो आणि वाद असला तरी चहा वेळेवर येतो.

हाफिजजी : नाना, पाठांतराची किंमत तुम्हाला मी काय सांगू? रमजानमध्ये तरावीहला, म्हणजे रात्रीच्या खास नमाजाला, उभा राहतो. वीस रकात, रोज एक-सव्वा पारा (पारा म्हणजे कुरआनाचा तिसावा भाग), सत्ताविसाव्या रात्री खत्म. हातात पुस्तक नसते. मागे पहिल्या रांगेत दुसरा हाफिज उभा असतो. माझी एखादी आयत सुटली, 'अ'च्या जबरच्या जागी 'इ'चा जेर लागला, की तो तिथल्या तिथे लुकमा देतो. भर नमाजात. मी दुरुस्त करतो आणि पुढे जातो. मागे उभी असलेली माणसे रिक्षावाले, बिडीवाले, वकील, सगळी ऐकत असतात. जगातले सगळे छापखाने आज बंद पडू द्या, आणि कागदही जळू द्या. पुढच्या ईदच्या आत कुरआन पुन्हा उभे राहील.

नाना : राहील. याबद्दल मला शंकाच नाही. आमच्या वेदांच्या घनपाठ्यांनी तेच केले. पण तुम्ही आजचे सांगता, मी पहिल्या शंभर वर्षांचे विचारतो. नुक्ता बदलला नाही म्हणता. नुक्ते होते कुठे? सर्वांत जुन्या चर्मपत्रांवर ते तुरळक सापडतात. शब्दाच्या मध्ये एक दात काढलेला असतो. त्याच्याखाली एक नुक्ता दिला तर ब, वर दोन दिले तर त, वर एक दिला तर न, खाली दोन दिले तर य. नुक्ताच नसेल तर वाचायचे काय? आणि जेर-जबर तर मुळीच नव्हते. बसऱ्याच्या अबुल अस्वदने सातव्या शतकात रंगीत ठिपक्यांनी सुरुवात केली, आणि आज तुम्ही ज्यांना जेर, जबर, पेश म्हणता त्या खुणांचे श्रेय खलील इब्न अहमदला देतात. तो आठव्या शतकातला.

हाफिजजी : मग? मोडी वाचणाऱ्या तुमच्या कारकुनाला ऱ्हस्वदीर्घाची खूण कोण देत होते? ज्याला मजकूर माहीत, त्याच्यासाठीच ते लेखन. कुरआन आधी ऐकले गेले, मग लिहिले गेले. मदरशात आजही तसेच. मुलाला नूरानी कायदा हातात देतो, पण प्रत्येक अक्षर उस्तादाच्या तोंडून घेतल्याशिवाय त्याने वाचायचे नाही. मग हिफ्जला बसला की सकाळी सबक, म्हणजे आजचा नवा धडा; त्यानंतर सबकी, म्हणजे गेल्या काही दिवसांचे; आणि मग आमोख्ता, म्हणजे मागचे सगळे. आमोख्ता कच्चा असेल तर सबक मिळत नाही. तुमचा तो बिननुक्त्याचा सांगाडा एकटा कधी फिरलाच नाही. त्याच्याबरोबर माणूस फिरला.

हाफिजजींचे हे उत्तर खरे आहे आणि ते 'नुक्त्याचा फरक नाही' या वाक्यालाच सुरुंग लावणारे आहे. सांगाडा लिहिलेला आणि स्वर माणसाच्या तोंडी, असे असेल तर माणसागणिक थोडा फरक पडणारच. तो पडला. इस्लामी विद्वानांनी तो लपवला नाही, मोजून नोंदवला. आजच्या वादात ही नोंद दोन्हीकडची मंडळी विसरतात.

नाना : माणूस फिरला म्हणता, तर माणसे मेलीही. तुमचीच परंपरा सांगते, पैगंबर ६३२ला गेले आणि लगेच पुढे यमामाच्या लढाईत कुरआन पाठ असलेले बरेच लोक पडले. उमर घाबरून खलिफा अबू बक्रकडे गेले. अबू बक्रनी झैद इब्न साबितला मजकूर गोळा करायचे काम दिले. त्याने खजुराच्या झावळ्यांच्या दांड्यांवरून, पांढऱ्या पातळ दगडांवरून, लोकांच्या छातीतून मजकूर गोळा केला. छाती पुरेशी असती तर हे का करावे लागले?

हाफिजजी : आणि पान पुरेसे असते तर झैदने लोकांच्या छातीकडे का पाहिले? तो स्वतः हाफिज होता, पैगंबरांचा लेखनिक होता. एकट्याने बसून लिहून काढले असते. तसे केले नाही. लिहिलेले मागितले, पाठ असलेलेही मागितले. एकाने दुसऱ्याची साक्ष द्यायची.

नाना : ठीक. ती पाने अबू बक्रकडून उमरकडे आणि उमरकडून त्यांच्या मुलीकडे, हफ्साकडे गेली. मग वीसेक वर्षांनी काय झाले? आर्मेनिया-अझरबैजानच्या मोहिमेवर सीरियाचे सैनिक आणि इराकचे सैनिक शेजारी शेजारी उभे राहिले आणि एकमेकांचे पठण ऐकून भांडू लागले. हुझैफा नावाचा सेनानी धावत खलिफा उस्मानकडे आला. म्हणजे फरक भांडण होण्याइतका होता. उस्मानने हफ्साची पाने मागवली, झैद आणि तीन कुरैशी मंडळींकडून प्रती करवल्या, कूफा, बसरा, दमास्कस अशा शहरांना एकेक पाठवली आणि बाकीचे सारे लिहिलेले जाळायला सांगितले. पाठसंपादकाच्या दृष्टीने यासारखे पाप नाही. मी असतो तर एकेक चिठोरे जपून ठेवले असते.

हाफिजजी : तुम्ही असता तर मुसलमानांचे चार कुरआन झाले असते आणि चार लढाया. (हसतात.) नाना, एकनाथांनी काय केले? शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. अनेक प्रती मिळवल्या, भ्रष्ट पाठ काढले आणि पुढे कुणी आपली ओवी घुसडू नये म्हणून ताकीद दिली. तुम्ही एकनाथांना पापी म्हणता का?

नाना : एकनाथांनी जाळले नाही.

हाफिजजी : मग जुन्या प्रती कुठे आहेत?

इथे नाना थोडा वेळ गप्प राहिले, कारण हे दुखणे त्यांच्या घरचे. एकनाथांच्या आधीचा पाठ सांगणारी प्रत म्हणून वि. का. राजवाड्यांनी १९०९ला ज्ञानेश्वरी छापली तेव्हा मराठीत केवढा गदारोळ झाला. एकदा प्रमाण प्रत रूढ झाली की आधीची प्रत कुणी नष्ट करावी लागत नाही. तिची नक्कल करणे लोक थांबवतात, बाकीचे काम वाळवी करते. पण नानांचा आक्षेपही पोकळ नाही. एकनाथांकडे सैन्य नव्हते, उस्मानकडे होते. कूफ्यात अब्दुल्लाह इब्न मसऊद हे पैगंबरांचे फार जुने साथीदार होते. त्यांनी आपली प्रत द्यायला नकार दिला, झैद पोरसवदा असताना मी पैगंबरांच्या तोंडून शिकलो आहे असा त्यांचा रोख होता. हेही मुसलमान ग्रंथकारांनीच लिहून ठेवले आहे. खुद्द हफ्साची पाने त्यांच्या मृत्यूनंतर मदिनेचा कारभारी मरवान याने नष्ट करवली, असेही परंपराच सांगते. पुन्हा वाद नको, हा हेतू.

नाना : जाळलेले सगळे जळत नाही हे मात्र देवाने पाहिले. १९७२ला यमनमध्ये सना शहराच्या मोठ्या मशिदीच्या छताची दुरुस्ती चालू होती. माळ्यावर जुन्या पानांचा ढीग सापडला. हजारो तुकडे. त्यात काही चर्मपत्रे अशी, की आधीचा मजकूर पुसून वर पुन्हा लिहिलेला. चामडे महाग, म्हणून असे करत. वरचा मजकूर आजच्या कुरआनाचा. खालची शाई काळाच्या ओघात पुन्हा दिसू लागली आणि विशेष दिवे लावून ती वाचता आली. तीही कुरआनाचीच, पण सूरांचा, म्हणजे प्रकरणांचा, क्रम वेगळा, आणि शब्दांत फरक. कुठे एखादा शब्द जास्त, कुठे समानार्थी. त्यांतल्या एका पानाच्या चामड्याचे वय किरणोत्सारी कार्बनने काढले, ते ५७८ ते ६६९च्या दरम्यान येते. म्हणजे उस्मानच्या आदेशाबाहेरचे, तुमच्या आठवणीत नसलेले कुरआन हातात आले.

हाफिजजी : आठवणीत नसलेले कसे? इब्न मसऊद असे वाचत, उबय्य इब्न काब तसे वाचत, हे आमच्या तफसीरांत, म्हणजे भाष्यांत, पानोपानी आहे. सनाचे ते पान कुणा वेगळ्या साथीदाराच्या परंपरेचे असेल. मला एक सांगा, त्या खालच्या मजकुरात दुसरा देव आहे? दुसरा पैगंबर आहे? नमाज सोडा, रोजे सोडा, असे काही?

नाना : नाही. आशय तोच. फरक पाठाचा आहे, धर्माचा नाही. पण मी कुठे म्हणालो धर्माचा आहे? मी म्हणतो, पाठाला इतिहास आहे.

हाफिजजी : आणि बर्मिंगहॅम?

नाना : बर्मिंगहॅम तुमच्या बाजूचे. इंग्लंडातल्या विद्यापीठाच्या संग्रहात दोन पाने दुसऱ्याच पोथीत बांधलेली होती. अठरा, एकोणीस, वीस या सूरांचे तुकडे. २०१५ला जाहीर झाले, चामडे ५६८ ते ६४५मधले. मजकूर आजचाच. वृत्तपत्रांनी नगारे वाजवले. पण लक्षात ठेवा, चामड्याचे वय म्हणजे जनावर कापल्याचे वय. शाई कधी लागली ते त्यातून कळत नाही.

हाफिजजी : सनालाही तोच नियम लावा की.

नाना : लावतो. लावलाच पाहिजे.

कार्बनच्या आकड्यांवर दोन्ही बाजूंनी फार नाचू नये, असे मला वाटते. त्यापेक्षा भक्कम पुरावा अगदी साध्या गोष्टीत दडलेला होता आणि तो हाफिजजींच्या रोजच्या पाठात होता.

नाना : हाफिजजी, सूरे इब्राहीमची चौतिसावी आयत आणि सूरे नहलची अठरावी. तुमची नेहमी गल्लत होते म्हणता ती जोडी.

हाफिजजी : मुतशाबा! दोन्हीकडे एकच वाक्य. अल्लाहच्या नेमती मोजण्याविषयी. पुढे इब्राहीममध्ये माणसाच्या कृतघ्नपणाकडे जाते, नहलमध्ये अल्लाहच्या क्षमेकडे. पोरे हमखास घसरतात. मी त्यांना युक्ती सांगतो : इब्राहीममध्ये 'नेमत'चा त लांब आहे, नहलमध्ये गोल. पान डोळ्यांसमोर आणा.

नाना : तोच त! शब्द एक, वाक्य एक, अर्थ एक. मग एकीकडे लांब त आणि दुसरीकडे गोल त का? व्याकरणाचे कारण नाही. लिहिणाऱ्याच्या हाताची लहर. आता गंमत ऐका. मरेन वान पुटेन नावाच्या डच अभ्यासकाने पहिल्या दोन शतकांतली जुनी हस्तलिखिते समोर घेऊन हा शब्द जिथे जिथे येतो ती जागा तपासली. २०१९ला लेख लिहिला. सगळीकडे लांब त त्याच जागी, गोल त्याच जागी. वेगवेगळ्या शहरांत ऐकून ऐकून लिहिले असते तर प्रत्येकाची लहर वेगळी पडली असती. लहरीसुद्धा जुळतात, म्हणजे सगळ्या प्रती एकाच लिखित प्रतीपासून निघाल्या. पाठसंपादनाचा हा पहिला धडा आहे : दोन पोथ्यांत एकच निरर्थक लकब सापडली की त्यांची आई एक.

हाफिजजी : म्हणजे उस्मानची गोष्ट खरी.

नाना : एक आद्य प्रत होती आणि ती फार लवकर होती, हे खरे. आठव्या-नवव्या शतकात कुरआन हळूहळू रचले गेले, असे म्हणणारी एक विलायती शाळा होती. तिला हा पुरावा झेपत नाही. पण हाफिजजी, याचा दुसरा अर्थही घ्या. लिहिणाऱ्याची लकब चौदाशे वर्षे टिकली ती पानामुळे, छातीमुळे नव्हे. त त्या जागी लांब की गोल, हे कान सांगू शकत नाही.

हाफिजजी : थांबा, सांगतो कान. लांब त असेल आणि तिथे श्वास तोडावा लागला, तर आम्ही 'त' उच्चारून थांबतो. गोल असेल तर 'ह' उच्चारून. कातिबाच्या हाताची लहर आमच्या जिभेवर आहे, नाना.

मला या सबंध विषयातला हा सर्वांत विलक्षण तपशील वाटतो. मदिनेतल्या कुणा लेखनिकाने सातव्या शतकात एका जागी अक्षर एका वळणाने काढले आणि दुसऱ्या जागी दुसऱ्या वळणाने. त्याला बहुधा कळलेही नसेल. आज जबलपुरात बारा वर्षांचा मुलगा त्या वळणाप्रमाणे श्वास सोडतो. पाठांतर श्रेष्ठ की लेखन, या वादाला इथे फारसा अर्थ उरत नाही.

हाफिजजी : पण उस्मानने पाठवलेल्या प्रती तंतोतंत सारख्या होत्या का?

नाना : हे तुम्ही विचारता? नव्हत्या. चाळीसेक जागी त्यांच्यात बारीक फरक होता, बहुतेक एखाद्या अक्षराचा. आले-इम्रानमध्ये एका आयतीच्या सुरुवातीला इराकी प्रतीत 'आणि' आहे, मदिनेच्या आणि दमास्कसच्या प्रतीत नाही. अकराव्या शतकात अंदालुसियातल्या अबू अम्र अद-दानीने या जागांची यादी दिली. आजची जुनी हस्तलिखिते तपासली तर यादी बरोबर निघते. अशी प्रामाणिक यादी आमच्या महाभारताची कुणी त्या काळी केली असती, तर भांडारकर संस्थेचे १९१९ ते १९६६ इतके आयुष्य खर्ची पडले नसते.

हाफिजजी : आणि किराअत?

नाना : किराअत म्हणजे आमच्या शाखा. शुक्ल यजुर्वेदाचे माध्यंदिन आणि काण्व असतात, तसे.

हाफिजजी : चालेल. फातेहामध्येच आहे. कयामतच्या दिवसाचा 'मालिक' आम्ही म्हणतो, मोरोक्कोत वर्शच्या पद्धतीने 'मलिक' म्हणतात. एक धनी, एक राजा. सांगाडा एकच, मीम-लाम-काफ. दोन्ही बरोबर. आम्ही कूफ्याच्या आसिमचे पठण त्यांचे शिष्य हफ्स यांच्या रिवायतीने वाचतो.

नाना : कूफ्याच्या! ज्या शहराने उस्मानच्या प्रतीला सर्वांत जास्त नाक मुरडले त्याच शहराचे पठण आज जबलपूरपासून जकार्तापर्यंत चालते. इतिहासाला विनोद कळतो. बरे, 'दोन्ही बरोबर' हे कुणी ठरवले? दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिदने सात पठणे निवडली. पुढे इब्न अल-जझरीने दहा केली. इब्न मुजाहिदच्याच काळात इब्न शनबूझने ९३५ला जुने, उस्मानच्या सांगाड्याबाहेरचे पाठ वाचायचा हट्ट धरला, तर वझीर इब्न मुक्लाने त्याला फटके मारून माफी लिहून घेतली. इब्न मुक्ला म्हणजे अरबी सुलेखनाचा केवढा उस्ताद. सुंदर अक्षराच्या माणसाने पाठभेदाला फटके मारले.

हाफिजजी : फटके मारले ते वाईटच. पण सीमा कुठेतरी घालावी लागते. तीन कसोट्या होत्या : सनद, म्हणजे गुरुपरंपरेची साखळी, पक्की हवी, उस्मानच्या सांगाड्यात बसले पाहिजे, अरबी व्याकरणाला धरून हवे. तुमची चिकित्सक आवृत्तीही कसोट्यांवरच चालते ना? आणि आम्ही सगळे पुसूनही टाकले नाही. माझे हे साधे सोळा ओळींचे कुरआन उघडा. सूरे बकराची दोनशे पंचेचाळिसावी आयत. इथे स्वादवर छोटा सीन दिसतो? लिहिले आहे स्वाद, वाचायचे सीन. दोन्हींचा मान एकाच पानावर.

नानांनी चष्मा वर केला, पान जवळ धरले. असे दिसणारे पाठभेद आपल्या पोथ्यांत समासात लिहितात. इथे तो अक्षराच्या डोक्यावर बसवला आहे.

नुक्त्यासारखीच लोकप्रिय असलेली दुसरी एक समजूत : भारतात सर्रास ६६६६ आयती सांगितल्या जातात. कूफ्याच्या मोजणीने त्या ६२३६ आहेत. बसरा, दमास्कस, मदिना यांच्या मोजण्या आणखी वेगळ्या. मजकूर तोच, आयत कुठे संपली एवढ्यापुरता मतभेद. ६६६६ हा आकडा कानाला गोड लागतो म्हणून टिकला असावा.

छपाईचे मात्र झटपट सांगण्यासारखे आहे, कारण तिने नवे काही ठरवले नाही, ठरलेले पसरवले. व्हेनिसच्या पागानिनीने १५३७-३८च्या सुमारास सुटे खिळे लावून कुरआन छापले, ते इतके अशुद्ध निघाले की व्यापार बुडाला. त्याची एक प्रत १९८७च्या सुमारास तिथल्याच एका मठात सापडली. अरबी अक्षरे जोडून लिहायची, खिळ्यांना ते जमेना. शिळाछापाने प्रश्न सुटला, कारण कातिबाचा हातच दगडावर उतरवता येतो.

हाफिजजी : आणि इथे ते काम कुणी केले? मुन्शी नवल किशोर, लखनौ. हिंदू माणूस. १८५८ला छापखाना काढला आणि स्वस्त कुरआन घरोघरी पोचवले. कुरआनाच्या छपाईला कामगार वजू करून बसत, असे आमचे बुजुर्ग सांगत.

नाना : गणपत कृष्णाजींची आठवण झाली. मुंबईत १८३१ला शिळाछापावर पंचांग छापले, तर शाईत चरबी आहे म्हणून लोक शिवेनात. त्यांनी तूप घालून शाई केली.

हाफिजजी : तूप असो की वजू, छापखाना चालला ना! आता एक सांगतो. या शहरात बरेलवी आहेत, देवबंदी आहेत. मुफ्ती बुर्हानुल हक साहेब इथलेच, आला हजरत अहमद रझा खानांचे खलिफा, म्हणजे आध्यात्मिक वारस. मसलकांचे, म्हणजे पंथांचे, वाद किती कडवे असतात तुम्ही पाहिले आहेत. एकमेकांच्या मागे नमाज पढत नाहीत. उर्दू तर्जुमा वेगळा, बरेलवी कंझुल ईमान वाचणार, देवबंदी आपला तर्जुमा वाचणार. पण अरबी मजकुरात जेर-जबरचा फरक दाखवा. शिया-सुन्नींत दाखवा. एवढी भांडणारी माणसे एका पानावर सह्या करतात, हा माझा पुरावा आहे.

नाना : हा पुरावा मी घेतो. भांडखोर साक्षीदार एकमताने बोलले की न्यायाधीशही ऐकतो. फक्त त्याचा काळ लक्षात घ्या. फूट पडण्याआधी पाठ ठरलेला होता एवढे त्यातून सिद्ध होते. त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांबद्दल तो गप्प आहे.

हाफिजजी : त्या वीस-पंचवीस वर्षांवर माझा ईमान बोलतो.

नाना : आणि माझे कुतूहल. त्यात भांडण नाही.

विनोबांचा विषय निघणे अटळ होते. जबलपूर-नागपूर रस्त्यावरच्या शिवनीच्या तुरुंगात १९४४ला त्यांनी स्थितप्रज्ञावर प्रवचने दिली. अरबी शिकून त्यांनी कुरआन मुळातून वाचले आणि पुढे १९६०नंतर वेचक आयतींचे विषयवार 'कुरआन-सार' केले. नानांना ते फार आवडते. हाफिजजींना विनोबांचा उच्चार आणि अदब आवडते, क्रम बदलणे आवडत नाही. सूरे बकरा दुसरी का आणि पहिली उतरलेली 'इकरा'ची सूरा शहाण्णवावी का, याला कालक्रम नाही, विषय नाही, साधारण मोठीकडून छोटीकडे असा ओघ आहे. तो अडचणीचा असूनही कुणी हलवला नाही, याकडे हाफिजजी बोट दाखवतात. सोयीसाठी हात घालणारा समाज असता तर पहिला हात तिथे पडला असता. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात चांगला युक्तिवाद होता आणि त्यांनी तो जाता जाता केला.

शेवटी बोलणे जुन्या प्रतींवर आले. १९३०च्या आसपास गॉटहेल्फ बेर्गश्ट्रेसर या जर्मन विद्वानाने जुन्या कुरआनांच्या हस्तलिखितांचे हजारो फोटो जमवले. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकला ते नष्ट झाले, असे पन्नास वर्षे सांगितले गेले. प्रत्यक्षात ती फिल्म त्यांच्या परंपरेतल्या एका प्राध्यापकाने आपल्याकडे ठेवली होती. पुढे बर्लिनच्या कोर्पस कोरानिकुम प्रकल्पात त्यांवर काम झाले.

हाफिजजी : आमच्याकडे जीर्ण कुरआन ठंडे करतात. कब्रस्तानात स्वच्छ जागी पुरतात किंवा खोल पाण्यात सोडतात. बेअदबी होऊ नये म्हणून.

नाना : आमच्याकडे पोथ्या नर्मदेत सोडतात. सनाच्या लोकांनी माळ्यावर टाकल्या म्हणून आज आपण भांडतो आहोत. तुमच्या वडिलांकडचे ते हाताने लिहिलेले कुरआन कुठे आहे?

हाफिजजी : ठंडे केले. दहा-बारा वर्षे झाली. शेवटच्या पानावर कातिबाचे नाव होते, सनही होता. वाचलेले आठवत नाही.

नाना काही बोलले नाहीत. मी बोलतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी कपाटात अशी एक प्रत, कुरआनाची किंवा ज्ञानेश्वरीची, कापडात गुंडाळून ठेवलेली आहे. तिची अदब तुमच्या रीतीने जरूर करा. त्याआधी प्रत्येक पानाचा उजेडात फोटो घ्या, शेवटच्या पानावरचे लेखकाचे नाव, गाव आणि सन उतरवून घ्या, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेला, रामपूरच्या रझा ग्रंथालयाला किंवा पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयाला एक पत्र लिहा.